समुद्राचा सातबारा

मुंबईची गोष्ट सांगायला कुणीही बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, इथे सात बेटं होती, चिखल होता, माड होते आणि कोळ्यांच्या चार झोपड्या होत्या. दुसऱ्या वाक्यात इंग्रज येतात, तिसऱ्यात रेल्वे, मग गिरण्या, गोद्या, शेअर बाजार, टॉवर, मेट्रो असं सगळं एकामागोमाग येतं आणि पहिल्या वाक्यातले कोळी मात्र परत कुठेच येत नाहीत. शाळेच्या पुस्तकात असंच वाचलं, बिल्डरच्या ब्रोशरमध्येही असंच असतं. सिंगापूर, दुबई, शेनझेन सगळ्यांच्या गोष्टी अशाच सुरू होतात, कालपर्यंत मच्छीमारांचं गाव आणि आज बघा. ऐकायला छान वाटतं. पण मला ते वाक्य फार आधीपासून बोचतं, कारण मी प्रभादेवीच्या चाळीत वाढले आणि शाळेतली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण वरळी कोळीवाड्यातली. त्या पहिल्या वाक्यातले कोळी म्हणजे माझ्यासाठी तिचे बाबा, जे पाण्याची वेळ बघून मध्यरात्री उठून बोटीवर जायचे, आणि तिची आई, जी पहाटे धक्क्यावरून माल घेऊन यायची आणि आम्ही शाळेला निघायच्या आत मंडईत जाऊन बसलेली असायची. इतिहासातले लोक म्हणून त्यांच्याकडे बघायचं कधी सुचलंच नाही, ती रोज भेटणारी माणसं होती.

आधी त्या पहिल्या वाक्याबद्दलच बोलते, कारण ते चुकीचंसुद्धा आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही बेटं इंग्रज यायच्या आधी रिकामी पडलेली नव्हती. वाळकेश्वरचं मूळ देऊळ शिलाहारांच्या काळातलं. तेराव्या शतकात बिंब राजानं माहीमला राजधानी केली असं परंपरा सांगते. मग गुजरातच्या सुलतानाचा अंमल, १५३४ च्या वसईच्या तहानंतर पोर्तुगीज. गार्सिया द ओर्ता नावाचा गोव्यात राहणारा नामांकित पोर्तुगीज वैद्य, त्यानं तर सोळाव्या शतकात मुंबईचं बेटच भाड्यानं घेतलेलं. भंडारी माडाची ताडी काढत होते, कुणबी भात लावत होते, आगरी मीठ पिकवत होते, कोळी मासे मारत होते आणि सगळे कुणाला ना कुणाला सारा भरत होते. हे सगळं चालू असतानाच १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात ही बेटं इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून गेली आणि १६६८ मध्ये त्या राजानं ती वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. शहराला जिचं नाव मिळालं ती मुंबादेवी कोळ्यांची. तिचं जुनं देऊळ आजच्या सीएसएमटी स्टेशनच्या आसपास होतं, अठराव्या शतकात किल्ल्याच्या कामासाठी ते तिथून हलवलं आणि देवी भुलेश्वरच्या बाजूला गेली. म्हणजे हलवाहलवीची सुरुवात देवीपासूनच झाली. आणि सतराव्या शतकाच्या शेवटी रोगराईनं इंग्रज जेरीला आले असताना जंजिऱ्याचा सिद्दी चालून आला, तेव्हा रुस्तमजी दोराबजी या पारशी गृहस्थानं कोळ्यांना गोळा करून त्याला परतवलं असं पारशी इतिहासात सांगतात, त्याबद्दल रुस्तमजींना पटेल ही पदवी मिळाली. कोळ्यांना काय मिळालं ते कुठे वाचायला मिळत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते समुद्राबद्दल.

मैत्रिणीच्या बाबांना मी काकाच म्हणायचे. ते डोलीची मासेमारी करायचे. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं, तोंडाला रुंद आणि शेवटाकडे निमुळतं होत गेलेलं. हे जाळं माशांच्या मागे धावत नाही. समुद्रात खुंट रोवून त्यांच्यामध्ये ते बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीचं पाणी जसं वाहतं तसे मासे त्यात येतात, बोंबील, करंदी, जवळा, मांदेली. पाणी थांबायच्या सुमाराला जाळं ओढायचं, पाणी फिरलं की जाळ्याचं तोंड फिरवून परत लावायचं. त्यामुळे त्या घरात घड्याळापेक्षा तिथीला जास्त मान. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण, पाण्याला ओढ जबरदस्त, जाळं भरून येतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद, मग बोटी धक्क्याला, जाळी शिवायची, इंजिन उघडायचं, राहिलेली घरातली कामं करायची. मला आठवतं, मैत्रिणीच्या घरी कुठलंही कार्य काढायचं तर आधी उधाण आहे की भांग हे बघायचे, आमच्या घरी जसं कुणाला कधी सुट्टी आहे हे बघायचे तसं. जून-जुलै समुद्र बंद. आता कायद्यानं पश्चिम किनाऱ्यावर ६१ दिवसांची बंदी असते पण कोळी लोक पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवायचे ते कायद्याच्या कितीतरी आधीपासून, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मग पुढचा हंगाम.

डोल जिथे लावतात त्या ठरलेल्या जागेला कव म्हणतात, अनेक असल्या की कवी. हा शब्द मी काकांच्या तोंडून ऐकला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मला जो समुद्र वरळी सी-फेसवरून नुसता सपाट आणि मोकळा दिसतो तो त्यांना तसा दिसतच नाही. इथे खडक आहे, इथून पुढे गाळ आहे, ही कव अमक्या घराण्याची, ती तमक्याच्या आज्यानं लावलेली, या पट्ट्यात अमुक महिन्यात करंदी येते, तिथे जाळं लावलं तर फाटणार. आणि हे सगळं पाण्यावर उभं राहून ओळखायचं कसं तर जमिनीवरच्या खुणांवरून, एखादं देऊळ आणि त्याच्यामागची टेकडी किंवा गिरणीची चिमणी एका रेषेत आली, आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या दोन खुणा एका रेषेत आल्या, की आपण बरोबर जागेवर. नंतर गिरण्या बंद पडल्या, चिमण्या पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, खुणा बदलत गेल्या, आणि मग जीपीएस आलं. या कवींवरून गावागावांत भांडणं होतात, वसईच्या आणि पालघर-डहाणूच्या मच्छीमारांमधला कवींचा वाद कित्येक वर्षं चालू आहे, पेपरमध्ये येत असतो. भांडण आहे म्हणजे हद्द आहे, वहिवाट आहे, वारसा आहे, शेताच्या बांधावर जे जे असतं ते सगळं आहे. नाहीये तो फक्त सातबारा. शेतकऱ्याची जमीन रस्त्यासाठी गेली तर निदान उतारा घेऊन तो तहसीलदाराकडे जातो, मोजणी होते, भाव ठरतो, कमी मिळतो, उशिरा मिळतो, कोर्टात जावं लागतं, पण त्याच्या हातात एक कागद असतो. कोळ्याची कव भरावाखाली गेली तर त्यानं काय दाखवायचं? सरकारच्या नकाशावर तिथे निळा रंग असतो आणि निळ्या रंगावर कुणाचंच नाव नसतं.

हे एकदा डोक्यात बसलं की मुंबईची तीच गोष्ट वेगळी दिसायला लागते. सात बेटांचं एक बेट झालं हे आपण अभिमानानं सांगतो, आणि अभिमान वाटावा असं काम ते आहेच. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना वरळी आणि मुंबई बेटांच्या मधली खिंड बांध घालून बुजवली, १७८४ च्या सुमाराला ते काम पुरं झालं. त्याआधी भरतीचं पाणी महालक्ष्मीवरून आत घुसायचं ते पार भायखळ्यापर्यंत पसरायचं. बांध झाला, पाणी थांबलं, दलदल सुकायला लागली, आणि आज जिथे ताडदेव, कामाठीपुरा, महालक्ष्मीचं रेसकोर्स वगैरे आहे तो सगळा पट्टा वापरता यायला लागला. हा बांध नसता तर गिरणगाव नसतं, माझे आजोबा कोकणातून येऊन ज्या गिरणीत लागले ती नसती, आमची चाळ नसती, मी नसते. हे मी विसरत नाही. पण त्या खिंडीतल्या पाण्यात मासे होते, त्या पाण्यावर होड्या चालत होत्या, आणि त्या होडीवाल्यांना कुणी विचारलं असेल असं मला कुठेही दिसलं नाही. पुढे १८०३ मध्ये शीवचा बांध झाला, मुंबई उत्तरेकडच्या साष्टी बेटाला जोडली. १८३८ मध्ये कुलाबा कॉजवे. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे, त्याला सरकारकडे पैसे नव्हते तर लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःचे दीड लाखाहून जास्त रुपये दिले. होडीतून खाडी ओलांडताना माणसं बुडायची, ते थांबलं. केवढं मोठं पुण्याचं काम. आणि त्याच कामानं माहीमच्या खाडीचं तोंडही आवळलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदमच सांगायला हवं, एक सांगून दुसरं गाळायचं नाही.

धारावीत कोळीवाडा आहे हे कितीतरी मुंबईकरांना माहीतच नसतं. धारावी म्हटलं की झोपडपट्टी, चामडं, रिसायकलिंग एवढंच डोळ्यापुढे येतं. पण तिथले कोळी खाडीत मासे मारून जगत होते, धारावी नावाचं ते गावच त्यांचं. खाडीत भराव पडत गेला, गाळ साचला, सांडपाणी आलं, मासेमारी संपली. त्याच मिठी नदीच्या काठी, जिथे तिवरं आणि दलदल होती, तिथे १९७७ नंतर एमएमआरडीए या सरकारी प्राधिकरणानं बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, उभं केलं. काचेच्या इमारती, बँका, वकिलाती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी जायला जागा शोधत घराघरात शिरलं, तेव्हा सगळ्या शहराला मिठी ही नदी आहे हे आठवलं. इतका पाऊस कुठल्याही शहराला झेपला नसता हे मान्य, पण पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं हे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ठाऊक होतं त्यांना या शहरानं कधी टेबलावर बसवलं नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पूर्व किनाऱ्यावर तर किनाराच बंदराचा झाला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. मांडवी, माझगाव, शिवडी इथले कोळीवाडे गोद्या आणि गोदामांच्या मागे ढकलले गेले, घरं राहिली पण दारातला समुद्र गेला. दक्षिणेला बॅकबेचं प्रकरण वेगळंच. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा मावेना. त्या पैशावर समुद्रात भराव टाकायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरवर सट्टा झाला. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. म्हणजे नीट बघा, अजून जी जमीन झालेलीच नव्हती तिचे शेअर बाजारात विकले जात होते, आणि जो समुद्र शतकानुशतकं लोकांना पोसत होता त्याची किंमत कुणाच्याच वहीत नव्हती. पुढे १९२० नंतर परत भराव सुरू झाला, पैशाच्या उधळपट्टीवरून बॅरिस्टर नरिमन यांनी सरकारला धारेवर धरलं, त्यातूनच पुढे मरीन ड्राइव्ह झालं. आणि ज्यांनी त्या भरावातल्या भानगडी बाहेर काढल्या त्यांचंच नाव नंतरच्या भरावावर उभ्या राहिलेल्या नरिमन पॉइंटला आहे.

शहरानं कोळ्यांना काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही, काकांनाच ते आवडलं नसतं. गिऱ्हाईक दिलं. मुंबईसारखं मासे खाणारं शहर दारात असणं ही साधी गोष्ट नाही. ससून डॉक १८७५ मध्ये बांधला तो कापसाच्या व्यापारासाठी, पण आज तो मासळीचा. पहाटे तिथे जाऊन उभं राहावं, बोटीवरून टोपल्या वर येतायत, बर्फ फुटतोय, लिलाव चाललाय, कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा बसल्यात, त्या वेळी फोर्टातली एकही बँक उघडलेली नसते. बर्फाचे कारखाने आले, इंजिनाच्या बोटी आल्या, सोसायट्या झाल्या, मुलं शिकली. काकांचा धाकटा भाऊ गोदीत लागला, एक चुलतभाऊ बेस्टमध्ये. आमच्या शाळेत कोळीवाड्यातल्या मुली नेहमी वरच्या नंबरात असायच्या.

आणि बायका. कोळीवाड्याचं अर्थकारण बायकांच्या हातात असतं हे मी तिथे बघितलं. माल बोटीवरून उतरला की पुढचं सगळं काकींचं, किती घ्यायचा, किती विकायचा, किती खारवायचा, कुणाला उधार, कुणाची उधारी बंद. काकांना पैसे हवे असले तर ते काकींकडे मागायचे. उरलेले बोंबील वलांडीवर सुकायला जायचे, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या मांडवावर दोरीला टांगलेले, पावसाळ्याची बेगमी. मढ, गोराई, वेसावे इथे अजून अशा वलांड्या दिसतात. या वाळत घातलेल्या मासळीच्या वासाबद्दल आजूबाजूच्या नव्या टॉवरमधून तक्रारी होतात. ही तक्रार फार जुनी आहे बरं का. इथले लोक माडांना मासळीचं खत घालायचे, सुरुवातीच्या इंग्रजांना वाटायचं की त्या वासानंच आपली माणसं तापानं मरतायत, म्हणून त्यांनी त्यावर बंदी घातली होती. ताप डासांचा होता. तीनशे वर्षं झाली, शहर एवढं शिकलं, आणि अजूनही जो आधीपासून इथे राहतो त्यानंच नंतर आलेल्याच्या नाकाची काळजी घ्यायची, हे मला पटत नाही. ज्याला समुद्राचा व्ह्यू हवा त्यानं समुद्राचा वासही घ्यावा.

काकी ज्या मंडईत बसायच्या ती पुनर्विकासात पाडली. तात्पुरती जागा दिली ती आतल्या गल्लीत, गिऱ्हाईक तुटलं, आणि पाटी डोक्यावर घेऊन फिरायचं वय राहिलं नव्हतं. ज्या हातांनी पाच माणसांचं घर चालवलं ते हात दोन वर्षांत रिकामे झाले. कोळणीची मंडईतली जागा हीसुद्धा एक प्रकारची कव आहे की. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे येते, चाळीस-चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं तिला बांधलेली असतात, ती जागा उचलून दुसरीकडे नेली की गिऱ्हाइकं बरोबर जात नाहीत. २०२१ मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंडईतल्या घाऊक मासळीवाल्यांना थेट ऐरोलीला पाठवायची गोष्ट निघाली तेव्हा कोळणी रस्त्यावर उतरल्या. ऐरोली कुठे, ससून डॉक कुठे.

आता वरळीचं सांगते, कारण ते मी जवळून बघितलं. आधी सी-लिंक झाला, २००९ मध्ये. कोळीवाड्याच्या समोरच्या समुद्रातून पूल गेला. मग कोस्टल रोड, मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत १०.५८ किलोमीटर, त्यासाठी शंभर हेक्टरहून जास्त भराव. ज्या खडकांवर ओहोटीला जाऊन बायका कालवं काढायच्या, जिथे छोट्या होड्यांची मासेमारी चालायची, तो किनाऱ्यालगतचाच पट्टा गेला. जुलै २०१९ मध्ये हायकोर्टानं या रस्त्याची पर्यावरणाची मंजुरी रद्द केली, डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं काम करायला परवानगी दिली, आणि काम जोरात सुरू झालं. तेव्हा वरळीच्या मच्छीमारांनी जी मागणी धरली ती मला आजही फार शहाणपणाची वाटते. त्यांनी म्हटलं, ठीक आहे, रस्ता होणार, पण क्लीव्हलँड बंदरातून आमच्या बोटी ज्या वाटेनं समुद्रात जातात त्या वाटेवर तुमचे खांब येतायत, त्या खांबांमधलं अंतर वाढवा. प्लॅनमध्ये ६० मीटर होतं. त्यांना २०० हवं होतं.

इंजिनिअरच्या कागदावर ६० मीटर म्हणजे भरपूर. बोट ती केवढी, चार-पाच मीटर रुंद. पण बोटीला ब्रेक नसतो. वाऱ्यापावसात परत येताना मागून लाटा, खालून पाण्याची ओढ, खांबावर आपटून उलट फिरणारं पाणी, त्यात समोरून दुसरी बोट, आणि अशा वेळी इंजिन बंद पडलं तर पाणी बोटीला सरळ खांबावर नेऊन आदळणार. शिवाय पुढे सी-लिंकचे खांब आहेतच. हे ज्यानं रोज केलंय त्यालाच कळतं. लोकांनी बोटी समुद्रात उभ्या करून काम अडवलं, महिनोन्‌महिने बैठका झाल्या, आणि शेवटी एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करायचं मान्य झालं. हे मी मुद्दाम लांबवून सांगतेय, कारण इतक्या वर्षांच्या भरावांच्या इतिहासात कोळ्यांच्या सांगण्यावरून शहराच्या एका मोठ्या कामाची आखणी बदलली असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. बदललं म्हणून रस्ता काही अडला नाही. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं तो सुरू झाला. म्हणजे विचारलं असतं तर आधीच जमलं असतं. त्या वेळी काका हयात नव्हते, त्यांचा मुलगा, माझ्या मैत्रिणीचा भाऊ, त्या बोटींवर होता.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते दहशतवादी रबरी बोटीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदा बघितलं आणि तुम्ही कोण म्हणून हटकलं ते तिथल्या मच्छीमारांनीच. त्यानंतर किनाऱ्याची सुरक्षा वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रं आली, बोटींची तपासणी आली. किनाऱ्यावर कोण नवीन आलंय हे ओळखणारी माणसं किनाऱ्यावरच राहायला हवीत, एवढं तरी त्या रात्रीनंतर सगळ्यांना पटायला हवं होतं.

तसं झालं नाही. काही कोळीवाड्यांना झोपडपट्टी ठरवून पुनर्विकासाच्या योजना आल्या. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, पत्र्याची छपरं दिसली की बाहेरच्याला झोपडपट्टीच वाटते. पण त्या गल्लीच्या टोकाला जी मोकळी जागा असते तिथे जाळी पसरतात, बोटी ओढतात, मासळी वाळवतात, होळी लावतात, लग्नाचे मांडव घालतात. आर्किटेक्टला तिथे रिकामा प्लॉट दिसतो. कोळ्याला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट दिला तर तो जाळं कुठे शिवणार आणि त्याची बायको बोंबील कुठे वाळवणार? २०११ च्या सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या, नियमांत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद केली, त्यांची नोंद करून नकाशे करायचे असं त्यात होतं, पण सीमांकनाचं काम रेंगाळतच राहिलं. जमिनीवरच्या गावाची हद्द आखायला एवढा वेळ लागतो तर पाण्यातल्या कवींची कधी आखणार.

मैत्रिणीचा भाऊ इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला आहे. नोकरीही केली, सोडली, बोटीवर परत आला. समुद्रही आता पूर्वीचा नाही, पर्ससीनच्या, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्यांच्या, आणि एलईडीच्या उजेडानं मासे ओढणाऱ्या मोठ्या बोटी बंदी असूनही येतात, पिल्लंसुद्धा उचलून नेतात, किनाऱ्याजवळ सांडपाणी आणि प्लास्टिक, जाळ्यात माशांबरोबर पिशव्या. २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, चांगलं केलं, पण डिझेलचा भाव आणि खलाशांचा पगार भागवून हातात काही राहील असं पापलेट मिळायला तर हवं. तरी तो जातो. त्याच्या जीपीएसमध्ये काकांच्या सगळ्या कवी, खडक, वाटा पॉइंट करून ठेवल्यात, त्यांनी तोंडी सांगितलेल्या, नावासकट. मी बघायला मागितलं तेव्हा त्यानं स्क्रीनवर एकेक दाखवलं, यातल्या काही जागा आता रस्त्याखाली आहेत. म्हणजे समुद्रात काय होतं याची नोंद नाही असं आता कुणाला म्हणता येणार नाही. वेसाव्यापासून सातपाटीपर्यंत कितीतरी बोटींवर ती आहे, अक्षांश-रेखांशासकट.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वाढवण. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, खर्च ७६ हजार कोटींच्या वर, आणि त्यासाठी भराव परत समुद्रातच. बंदर आलं की शहर येणार, नोकऱ्या येणार, विमानतळाच्या गोष्टी सुरू झाल्याच आहेत, आणि शंभर वर्षांनी तिथल्या शाळेच्या पुस्तकात पहिलं वाक्य काय असेल ते मला आत्ताच दिसतंय. बंदर नकोच असं म्हणायचा अधिकार मला नाही, त्याच्यावर तिथले लोक लढतायत, जानेवारी २०२४ च्या जनसुनावणीत ते बोलले, कोर्टातही गेले. माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे. भरावाचा पहिला दगड पाण्यात पडायच्या आत तिथल्या प्रत्येक गावातल्या तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांना, बोलवा, त्यांच्या जीपीएसमधले पॉइंट घ्या, म्हाताऱ्यांना विचारून कवींची नावं आणि घराणी लिहून घ्या, बोटींच्या वाटा आखा, कालवं आणि शिंपले काढणाऱ्या बायकांचे खडक मोजा, वलांड्यांच्या जागा मोजा, आणि हे सगळं बंदराच्या त्याच नकाशावर छापा ज्यावर धक्के आणि रेल्वे लाइन छापलीये. त्यावर गावाचा शिक्का आणि सरकारचा शिक्का दोन्ही असू द्या. भरपाईची, पर्यायी जागेची, रस्ता वळवायची बोलणी त्यानंतर. मैत्रिणीच्या भावाला मी हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, वरळीत आम्ही एका खांबासाठी एवढे भांडलो कारण आमच्याकडे दाखवायला फक्त ती एक वाट उरली होती, डहाणूवाल्यांकडे अजून सगळं आहे. या हंगामात भांग लागला की तो आणि त्याच्या सोसायटीतले दोघंतिघं तिकडे जाणार आहेत, पॉइंट कसे नोंदवून ठेवायचे ते दाखवायला.